मंत्राची धार आणि राक्षसाचे चिलखत



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने व्हिडिओ गेमवर व्याख्यान द्यावे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे उत्तर सरळ आहे. ज्या कारखान्यांच्या दाराशी मी गेली तीस वर्षे सभा घेत आलो, तेथील तरुण कामगार पाळी सुटल्यावर काय करतो हे मला ठाऊक असलेच पाहिजे. तो राक्षस मारतो. आणि चहाच्या टपरीवर त्याचे आणि त्याच्या सोबत्याचे जे भांडण चालते, ते ऐकल्यावर मला असे दिसले की हा वाद करमणुकीचा कमी आणि न्यायाचा जास्त आहे. ‘इतका घाम गाळून जी शक्ती मिळवली, ती ह्या शत्रूपुढे चालतच नाही, मग मिळवली कशाला?’ असा तो प्रश्न असतो. हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्या शब्दांत ऐकत आलो आहे.

माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. टक्केवारी मी महागाई भत्त्याच्या तक्त्यांवरून शिकलो. आजच्या विषयाला तेवढे गणित पुरते, त्याहून जास्त मी आपल्याला करायला लावणार नाही.

प्रथम ह्या खेळांची जात सांगतो. त्यांना ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ म्हणतात. रोल-प्लेइंग म्हणजे एखाद्या पात्राचे सोंग घेऊन त्याला लहानाचे मोठे करीत नेणे. ॲक्शन म्हणजे बुद्धिबळासारखे पाळीपाळीने न खेळता घड्याळ चालू असताना लढणे. ह्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ. त्याला यंत्र लागत नव्हते, कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर तो चाले. तेथे जादूगाराला दिवसातून ठराविक मंत्रच टाकता येत, आणि चिलखत ठरवी ते एवढेच की घाव लागतो की हुकतो. पण त्या खेळात टेबलाशी एक माणूस बसलेला असे. मंत्र फारच प्रभावी ठरू लागला किंवा राक्षस फारच चिवट निघाला, तर तो जागच्या जागी तोल सावरून घेई. यंत्राला असे डोळे नाहीत. जे काय ठरवायचे ते आधी आकड्यांत ठरवावे लागते, आणि एकदा ठरले की तो आकडा लाखो घरांत सारखाच लागू होतो. म्हणून हा तोल साधणे, ज्याला हे लोक बॅलन्स म्हणतात, हा एक स्वतंत्र धंदाच झाला आहे.

उदाहरणासाठी मी ‘डायब्लो टू’ घेतो. कॅलिफोर्नियातील ब्लिझार्ड नॉर्थ ह्या मंडळींनी तो जून २००० मध्ये बाजारात आणला, पुढच्याच वर्षी त्याला जोडभाग आला, आणि २०२१ साली त्याची नवी सजवलेली आवृत्ती निघाली. एवढ्या वर्षांत त्याचे आकडे खेळाडूंनी इतके उकलून ठेवले आहेत की आमच्या पगारपत्रकातसुद्धा इतकी पारदर्शकता नसते.

विशेष शक्ती म्हणजे अग्निगोळा फेकणे, वीज पाडणे, शत्रू गोठवणे, मेलेल्याला उठवून आपल्या बाजूने लढवणे, असले काही. ही शक्ती फुकट नसते. टाकताना ‘माना’ नावाचा साठा खर्च होतो आणि तो भरायला वेळ लागतो. काही शक्ती एकदा वापरल्यावर थोडा काळ थंड पडतात, त्याला कूलडाऊन म्हणतात. पण सर्वांत मोठी किंमत वेगळीच आहे. ती म्हणजे निवड. डायब्लो टूमध्ये पात्राची एक पायरी वाढली की एक गुण मिळतो. शेवटची पायरी ९९ वी. म्हणजे ९८ गुण, आणि काही कामगिऱ्यांचे १२ धरून ११०. एका विद्येत आपण होऊन जास्तीत जास्त २० गुण घालता येतात. चेटकीण घेतली तर तिच्या तीन शाखा आहेत: अग्नी, वीज आणि शीत. तिन्हींत पारंगत व्हायला ११० गुण पुरत नाहीत. म्हणजे माणसाने फिटर व्हायचे, टर्नर व्हायचे की वेल्डर व्हायचे हे लवकरच ठरवावे लागते.

आता समोरच्याचा बचाव पाहू. एक बचाव घाव चुकवण्याचा. डायब्लो टूमध्ये तलवारीचा घाव लागण्याची शक्यता शेकडा ५ हून खाली जात नाही आणि ९५ हून वर जात नाही. पण बहुतेक मंत्र ह्या हिशेबात येतच नाहीत, ते नेमके लागतात. म्हणून मंत्रांसाठी दुसरा बचाव ठेवला, त्याला रेझिस्टन्स म्हणतात, आपण प्रतिकार म्हणू. प्रतिकार शेकडा ५० असला तर शंभराच्या माऱ्यातले ५० आत येतात.

ह्या ठिकाणी मी आपल्याला थोडे थांबवतो, कारण चांगली शिकलेली माणसेसुद्धा येथे फसतात. प्रतिकार शून्यावरून ५० वर नेला, तर इजा निम्मी झाली. ५० वरून ७५ वर नेला, तर पुन्हा निम्मी झाली, आणि त्याला २५ च अंक लागले. ९० वरून ९५ वर नेला, तर केवळ पाच अंकांत इजा निम्मी! हजार प्राणशक्तीचा योद्धा ७५ प्रतिकारावर चार हजारांचा मारा सोसतो, ९० वर दहा हजारांचा आणि ९५ वर वीस हजारांचा. वरच्या टोकाचा एकेक अंक सोन्याच्या मोलाचा आहे. म्हणूनच खेळ करणाऱ्यांनी खेळाडूच्या प्रतिकाराला ७५ ची कमाल मर्यादा घातली, आणि खास सामान मिळवले तरी ९५ च्या पुढे जाऊ दिले नाही. शिवाय ‘हेल’ नावाच्या शेवटच्या कठीण पातळीवर सगळ्यांच्या प्रतिकारातून सरसकट १०० वजा करून टाकले. म्हणजे ७५ दिसायला १७५ मिळवावे लागतात. वाढ हातात पडायच्या आतच महागाईने ती खाऊन टाकावी, तसला हा प्रकार!

चिलखताचे आणखी एक गणित न्यूझीलंडच्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ ह्या २०१३ सालच्या खेळात आहे. तेथे चिलखत लहान घावांना चांगले अडवते आणि घाव जितका मोठा तितके कमी अडवते. शंभर टोचण्या सोसणारा माणूस एका हातोड्याने आडवा होतो. त्याच्या खोलात मी जात नाही.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. खेळाडूच्या प्रतिकाराला मर्यादा, पण राक्षसाच्या प्रतिकाराला ती नाही. तो १०० झाला की त्या प्रकारच्या शक्तीने राक्षसाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. त्याला ‘इम्यून’ म्हणतात. मी त्याला अभय म्हणतो. हेल पातळीवर कितीतरी जातींना कोणत्या ना कोणत्या शक्तीपासून असे अभय आहे, काहींना दोन दोन शक्तींपासून.

ह्यामागचा विचार वाईट नव्हता. डायब्लो टू आठ जणांनी मिळून खेळता येतो. एक शीतवाली, एक अग्निवाली, एक तलवारबहाद्दर असे जमले तर कोणाचे अभय कोणाला आडवे येत नाही. प्रत्येक जोडीदारामागे राक्षसांची प्राणशक्ती वाढते, आठ जण असले तर ती साडेचार पट होते, पण त्यांचा प्रतिकार मात्र वाढत नाही. म्हणजे अभय हा एका परीने एकजुटीचा आग्रह होता. संघटनेच्या माणसाला तो आवडायलाच हवा. पण एकट्याने खेळणाऱ्याचे काय? रात्रपाळी करून दुपारी तीनला खेळायला बसणाऱ्याला सात सोबती कोठून मिळणार?

त्यात ऑक्टोबर २००३ मध्ये १.१० क्रमांकाची दुरुस्ती आली. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. तिने असा नियम आणला की एका विद्येला तिच्या काही सोबतच्या विद्यांतल्या गुणांनीही बळ मिळावे. साहजिकच शहाण्या खेळाडूने सगळे गुण एकाच शाखेत ओतले. एका बाजूने खेळ सांगू लागला की एकाच कसबात वाकबगार व्हा, आणि दुसऱ्या बाजूने त्या कसबाला मुळीच दाद न देणारे राक्षस पुढे उभे करू लागला. ओतलेले गुण परत काढून घेण्याची सोय तर नव्हतीच. ती २०१० सालच्या १.१३ पॅचमध्ये आली, म्हणजे खेळ निघाल्यावर दहा वर्षांनी. तोवर चूक निवड म्हणजे पात्र मोडीत काढून पहिल्या पायरीपासून सुरुवात.

अभय फोडण्याची युक्ती त्यांनी ठेवली, पण ती कशी ठेवली ते पाहण्यासारखे आहे. ‘कन्व्हिक्शन’ नावाचे एक तेजोवलय आहे. जवळच्या शत्रूंचा अग्नी, शीत आणि वीज ह्यांचा प्रतिकार ते उतरवते. बाराव्या पायरीच्या वलयाने ८५ अंक उतरतात. राक्षसाचा विजेचा प्रतिकार ५० असेल तर तो उणे ३५ होतो, म्हणजे शंभराच्या माऱ्याचे १३५ लागतात. पण राक्षस अभय असेल तर वलयाचा पाचवा हिस्साच चालतो, ८५ चे १७ होतात. ११० प्रतिकाराचा राक्षस ९३ वर आला, त्याला शंभरातले ७ लागू लागले. १२० वाला १०३ वर आला, त्याला पूर्वीही शून्य आणि आताही शून्य. एकच साधन, आणि तीन राक्षसांवर त्याचे फळ १३५, ७ आणि शून्य!

मला ह्यातला पाचव्या हिश्श्याचा नियम अक्कलहुशारीचा वाटतो. साधन सरसकट चालू दिले असते तर अभयाला अर्थ उरला नसता. मुळीच चालू दिले नसते तर एकटा खेळाडू अडकून पडला असता. परंतु हे वलय चेटकिणीला मिळायचे कसे, येथे गाडे अडते. ‘इन्फिनिटी’ नावाचे शस्त्र तयार करून ते भाड्याच्या शिपायाच्या हाती द्यावे लागते. तो शिपाई वलय घेऊन पुढे उभा राहतो, आणि वीज मागून चेटकीण पाडते. त्या शस्त्राला चार मंत्रमुद्रा लागतात आणि त्यांतली ‘बेर’ ही दुर्मिळ मुद्रा दोनदा लागते. ज्याच्यापाशी आधीच पुष्कळ आहे त्याच्याच हाती ही किल्ली पडते, हे आपण ध्यानात घ्यावे.

सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या आवृत्तीच्या २.५ पॅचने ह्यावर तोड काढली. ‘संडर’ नावाचे ताईत आले. ताईत जवळ बाळगला की त्या त्या शक्तीपुरते राक्षसांचे अभय तुटते आणि प्रतिकार ९५ वर येतो. मात्र बाळगणाऱ्याचा स्वतःचा त्याच प्रकारचा प्रतिकारही बराच घसरतो. शत्रूचे दार उघडायचे तर आपलेही दार किलकिले ठेवावे लागते. पुष्कळ जुन्या खेळाडूंनी कुरकुर केली की खेळ सोपा झाला. मला ती कुरकुर पटत नाही. ९५ प्रतिकार म्हणजे शंभरातले ५ लागणे, त्याला सोपे कोणी म्हणू नये. पण शून्य आणि पाच ह्यांत जो फरक आहे, तो पाच आणि पन्नास ह्यांत नाही. पाचाने लढाई लांबते, शून्याने ती सुरूच होत नाही.

टक्केवारीने मारणाऱ्या शक्तींची तऱ्हा आणखी निराळी. चेटकिणीचा ‘स्टॅटिक फील्ड’ हा मंत्र शत्रूच्या उरलेल्या प्राणशक्तीचा चौथा हिस्सा काढून घेतो. हजाराचे साडेसातशे, मग सुमारे साडेपाचशे. शत्रू जितका मोठा तितका हा मंत्र किफायतशीर, म्हणून हेल पातळीवर निम्म्याच्या खाली तो चालत नाही असा बांध घातला. २०२२ सालच्या जपानी ‘एल्डन रिंग’ मध्ये रक्तस्राव घडवणारी शस्त्रे आहेत. घाव साचत साचत माप भरले की शत्रूच्या पूर्ण प्राणशक्तीचा एक हिस्सा एकदम जातो. तेथेही बांध आहेत. मोठ्या शत्रूंचे माप दर खेपेस वाढत जाते, आणि सांगाड्यांना रक्तच नसल्यामुळे त्यांच्यावर हे शस्त्र चालत नाही. अभय द्यायचेच तर ते असे द्यावे, की पाहणाऱ्याला कारण विचारावेच लागू नये.

आता ज्या पद्धतीचा मला मनापासून राग आहे तिच्याकडे वळतो. काही खेळांत खेळाडूची पायरी वाढली की शत्रूही आपोआप तेवढाच वाढतो. २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्ये ही गोष्ट फार गाजली. आपण बलवान झालो, तर रस्त्यावरचा साधा वाटमाऱ्याही अतिमोलाचे चिलखत घालून पुढे येतो आणि शंभर मोहरा मागतो! चिलखत विकले असते तर त्याला वाटमारी करावी लागली नसती. ज्याने पळणे, गोड बोलणे असल्या विद्या वाढवून पायऱ्या चढल्या, तो तर लढाईत आधीपेक्षा दुबळा ठरू लागला, कारण शत्रू पायरी पाहून वाढे, लढण्याची ताकद पाहून नव्हे. नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याने हात चालवून नग वाढवले की घड्याळ घेऊन साहेब येतो आणि नगाचा दर उतरवतो. एका कारखान्यात हा प्रकार मी लागोपाठ तीन दिवाळ्या पाहिला. तेथल्या जुन्या माणसांनी मग मुद्दाम हात आखडता घेतला, आणि ऑब्लिव्हियनच्या कित्येक खेळाडूंनीही तेच केले. पायरी वाढू नये म्हणून ते झोपत नसत, कारण त्या खेळात पायरी झोपेत चढते.

राहिला प्रश्न चालू खेळात तोल बदलण्याचा. एखादी शक्ती फारच जबर ठरली तर ती उतरवायची, की शत्रूचा बचाव वाढवायचा? गणिताने दोन्ही सारखेच. शक्ती शेकडा २० नी उतरवली काय आणि शत्रूंची प्राणशक्ती शेकडा २५ नी वाढवली काय, मारायला लागणारा वेळ तितकाच. एक मजुरी कापणे आहे, दुसरे महागाई वाढवणे आहे. मजुरी कापली की लोक दारात जमतात, महागाई वाढली की घरात चरफडतात, म्हणून मालकाला दुसरे बरे वाटते. पण न्याय पाहिला तर शत्रू वाढवण्याचा दंड सगळ्यांना बसतो, ज्याची शक्ती मुळातच तोकडी होती त्यालाही. त्यापेक्षा जी एक शक्ती फार फुगली तीच उतरवावी. एल्डन रिंगवाल्यांनी मार्च २०२२ मध्ये, खेळ निघाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, पाय आपटून जमिनीवर बर्फ पसरवणाऱ्या एका शक्तीचा मारा असाच उतरवला. तिसरा मार्ग म्हणजे बाकीच्या सगळ्यांना वर चढवत जाणे. ‘डायब्लो थ्री’ त्या मार्गाने गेला, आणि शेवटी एका घावाचे आकडे अब्ज-खर्वांत जाऊन पोचले. आकडा एवढा झाला की खेळाडू तो वाचणेच सोडून देतो.

उतरवायचे तरी कसे, ह्याचा धडा ‘डायब्लो फोर’ ने घेतला. खेळ जून २०२३ मध्ये आला आणि सहा आठवड्यांनी १८ जुलैला १.१ हा पॅच आला. त्याने एकाच झटक्यात जबर घावांची वाढ कमी केली, कूलडाऊन आखूड करणाऱ्या सामानाचे बळ कमी केले, आणि प्रत्येक जातीचे पात्र एकाच सकाळी दुबळे झाले. बदल्यात हाती काही नाही. खेळाडूंनी असा गदारोळ केला की चार दिवसांच्या आत कर्त्या मंडळींना सर्वांसमोर येऊन सांगावे लागले, की असला पॅच पुन्हा काढण्याचा आमचा बेत नाही. ऑगस्टच्या पॅचमध्ये चेटूकविद्येच्या आणि रानटी योद्ध्याच्या शक्ती पुन्हा वाढवून दिल्या. आमच्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ९अ कलम होते, सेवेच्या शर्ती बदलायच्या तर एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी लागे. राक्षस मारणाऱ्यांना कायद्याचे कलम नाही, पण नोटीस का हवी हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

हे सगळे आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे तपासतो कोण? त्यासाठी नोकरीवर ठेवलेली माणसे असतात. एकच झुंज निरनिराळ्या पात्रांनी, निरनिराळ्या सामानाने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा लढायची, आणि कोठे घाव जास्त लागतो, कोठे मुळीच लागत नाही ते टिपून ठेवायचे. खेळणे आणि हे काम ह्यांत फार अंतर आहे. मिठाईच्या दुकानातल्या कारागिराला गोड नकोसे होते, तशातला हा प्रकार. डायब्लो टूची नवी आवृत्ती ज्या संस्थेने केली, ती पुढे ब्लिझार्डमध्ये विलीन झाली. न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी येथे तिच्या ह्या तपासनीसांनी डिसेंबर २०२२ मध्ये संघटना करण्याच्या प्रश्नावर मतदान केले. सुमारे वीसच माणसे होती. बाजूने १४ मते पडली, विरोधात एकही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द डायब्लोवर काम करणाऱ्या साडेचारशेहून अधिक लोकांनी त्याच वाटेने संघटना केली. त्यांत चित्रकार होते, प्रोग्रॅमर होते, आणि कोणत्या राक्षसाला किती प्रतिकार द्यावा हे ठरवणारे आकडेवालेही होते.